मोतीबाईच्या फोनातलं दुसरं बोट

मित्रांनो, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला आणि पाठीचं झाकण रबराने आवळून धरलेला मी एक जुना मोबाइल फोन आहे. पण मला बिचारा समजू नका. आम्ही जिंकलेल्या एका लढाईची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर एक वाटोळी, गुळगुळीत जागा आहे. मालकाने तिथे बोट टेकवलं की बोटावरच्या रेघा ओळखायच्या आणि उघडायचं, हे माझं काम. मला वाटे, आपण माणूस ओळखतो. खरं तर मी फक्त रेघा ओळखत होतो. माणूस आणि रेघा यांतला फरक कळायला मला दोन घरं बघावी लागली.

पहिलं घर मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या एका साहेबांचं. साहेब चारचौघांत मला खिशातून काढत, बोट टेकवत आणि म्हणत, "बघा, माझ्याशिवाय उघडतच नाही!" रविवारी जेवून साहेब घोरू लागले की त्यांची मुलगी हळूच येई. लोंबता हात उचलून ती त्यांचं बोट माझ्या पाठीला लावी आणि मी उघडत असे. जागं बोट काय आणि झोपलेलं बोट काय, मला सारखंच. मुलगी खेळ खेळे, साहेब घोरत राहत.

पुढे साहेबांनी नवा फोन घेतला आणि मी कर्जतच्या एका दुकानात काचेमागे जाऊन बसलो. तिथून मला मोतीबाईने घेतलं.

मोतीबाई कळंबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, ठाकर आदिवासींच्या वाडीत राहते. थंडीत ती रानातले कंद काढते. कंदाचा वेल पावसाळ्यात हिरवागार होऊन झाडावर चढतो. थंडी पडली की पानं झडतात, वेल वाळून मोडतो आणि कंद कुठे आहे याची खूणच राहत नाही. पूर्वी ती झाडाला चिंधी बांधायची. पण चिंधी काय, सगळ्यांनाच दिसते. म्हणून तिने मला आणलं. वेल हिरवा असताना त्याचा फोटो काढायचा, मागचं झाड आणि जवळचा दगड दिसेल असा. मग थंडीत तो फोटो बघून तिथेच खणायचं. तिची मैत्रीण आवडी कायम बरोबर असे. दोघी कंद काढत आणि त्याचा वरचा डोळा कापून परत खड्ड्यात पुरत. तो पुरला तरच पुढच्या वर्षी वेल येतो. थंडीतल्या दोन्ही घरच्या चुली आणि बाजारात न्यायची टोपली, सगळी भिस्त माझ्यातल्या फोटोंवर होती.

मला घेतलं त्या दिवशी एक गोष्ट घडली. दुकानदार म्हणाला, "मावशी, अंगठा ठेवा." मोतीबाईने ठेवला. मला एकही रेघ लागेना. भाताची लावणी, कोयता, चुलीची राख यांनी तिच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजून गेल्या होत्या.

"रेशनच्या मशीनवर पण असंच व्हतंय," ती म्हणाली. "तिथं मग घरातला दुसरा अंगठा लावतो. रूपेश, तू लाव रं तुझा."

रूपेश हा तिच्या शेजारचा तरुण. त्याच्या टेंपोतूनच ती बाजारात आली होती.

"माझा कशाला, काकी?"

"अरं लाव! तू काय परका हायेस?"

"बघ हां. उद्या फोन माझा झाला म्हणून रडू नको."

सगळे हसले. रूपेशचं बोट माझ्यात नोंदलं गेलं. नंतर मोतीबाईच्या डाव्या हाताची करंगळी कशीबशी लागली. दुकानदाराने जोडीला एक-दोन-तीन-चार हे आकडे घातले. "सगळ्यांना हेच देतो," तो म्हणाला, "विसरायची भीती नाही."

मित्रांनो, रेशन घरभराचं असतं, म्हणून तिथे घरातला कोणताही अंगठा चालतो. फोन मात्र एकट्याचा असतो. वाडीत कोणाच्याच हे ध्यानात आलं नाही.

मोतीबाईच्या घरी वीज नव्हती, म्हणून ती मला चार्जिंगला रूपेशच्या घरी ठेवायची. या थंडीच्या सुरुवातीला रूपेश एका रिसॉर्टवर कामाला लागला. तिथल्या शेठला शनिवारी येणाऱ्या पाहुण्यांना रानातलं जेवण घालायचं होतं. एका दुपारी रूपेशने माझ्या पाठीवर बोट टेकवलं. मी नेहमीसारखा उघडलो. त्याने तीन जागांचे फोटो आपल्या फोनवर पाठवले आणि मला परत तारेला लावलं.

पुढच्या आठवड्यात मोतीबाई आणि आवडी रानात गेल्या. पहिल्या जागी खड्डा. दुसऱ्या जागी खड्डा. तिसऱ्या जागीही तेच. कंद डोळ्यासकट उपटून नेले होते. म्हणजे पुढच्या वर्षी तिथे वेलच येणार नव्हता. मोतीबाई खड्ड्याच्या काठावर बसली.

"ही जागा तुला नि मलाच ठावं होती, आवडे."

"म्हंजे? मी खणलं म्हणतेस?"

"मी काय म्हणत नाय. खड्डं म्हणतायत."

"मग उद्यापासून खड्ड्यांनाच बरोबर घेऊन येत जा!"

आवडी एकटीच डोंगर उतरली. मी मोतीबाईच्या कमरेच्या पिशवीत होतो. कोणाच्या बोटाने उघडलो ते मला ठाऊक होतं. पण मला तोंड नाही. हाक आली की वाजायचं, एवढाच माझा आवाज.

वाडीच्या अंगणवाडीच्या ओट्यावर दुपारी हर्षलाबाई मोठ्या बायकांना अक्षरं शिकवतात. मोतीबाई वर्षभर तिथे जात होती. नाव लिहायला शिकली होती, फोनवरचे आकडे ओळखायला शिकली होती. एके दिवशी हर्षलाबाई म्हणाल्या, "आज आपापले फोन काढा. आत काय काय आहे ते बघू." आवडीही आली होती, पण दूर खांबाला टेकून बसली होती.

हर्षलाबाईंनी मला हातात घेतलं, मोतीबाईकडून आकडे घालून घेतले आणि आत बोटांची नोंद असते त्या पानावर थांबल्या. "मोतीबाई, यात दोन बोटं आहेत. एक तुमचं. दुसरं कोणाचं?"

मोतीबाईचा हात तोंडावर गेला. "रूपेशचं! नि फोन चार्जिंगला पण त्याच्याच घरी असतो!" मग तिने खांबाकडे बघितलं.

आवडी म्हणाली, "इचार आता खड्ड्यांना."

मोतीबाई उठली आणि आवडीला खेटून बसली. "आवडे, माझी जीभ झडू दे गं."

"नको झडू दे. बाजारात वरडायला कोण, मी एकटी?"

सगळा ओटा हसला. हर्षलाबाईंनी रूपेशचं बोट काढून टाकलं.

"माझं पण काढा," मोतीबाई म्हणाली.

"तुमचं राहू द्या की. सोयीचं असतं."

"नको बाय. दुपारची झोपले की माझा हात धरून कोणी नाचवला तरी मला कळत नाय."

मग तिने एक-दोन-तीन-चार पुसून स्वतःचे सहा आकडे घालायला घेतले. बोट काचेवर नेलं आणि थांबली. "बाई, तुमी पण तिकडं बघा." हर्षलाबाईंनी हसत पाठ फिरवली. मोतीबाईने एकेक आकडा दाबला, परत एकदा दाबला, आणि मी बंद झालो. मित्रांनो, इतका पक्का बंद मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. मला फार अभिमान वाटला!

शुक्रवारी रूपेश दारात आला. "काकी, फोन दे गं, चार्जिंगला लावतो."

तिने दिला. त्याने पाठ फिरवून बोट टेकवलं. मी उघडलो नाही. त्याने बोट लेंग्याला पुसलं, परत टेकवलं. मी गप्प.

"काकी, फोन बिघडला वाटतं."

"बिघडला नाय. शाना झाला."

घरातून आवडी कुदळ घेऊन बाहेर आली. "आता कुठलं खणायचं ऱ्हायलं रं?"

रूपेशची मान खाली गेली. "शेठ बोलला, पाहुण्यांना घालायचंय. मला वाटलं, कंद काय, परत उगवतात."

"डोळा पुरला तर उगवतात," मोतीबाई म्हणाली. "धर कुदळ."

त्या दिवशी तिघं डोंगरावर गेली. त्यांनी राहिलेल्या जागांवरचे कंद काढले. त्यांचे डोळे कापून काही तिथेच पुरले आणि उरलेले रूपेशने तिन्ही रित्या खड्ड्यांत पुरले, आवडीच्या टोमण्यांसकट. संक्रांतीच्या आधी कर्जतच्या बाजारात दोघींची टोपली भरून बसली होती आणि दोघी अशा ओरडत होत्या की पलीकडचा भाजीवाला गप्प झाला. रिसॉर्टचा शेठ स्वतः कंद विकत घ्यायला आला. आवडीने त्याला रांगेत उभं केलं!

मित्रांनो, बोटाचं कुलूप वाईट नाही. घाईत ते सोयीचं असतं. पण आकडे कोणाला कळले तर बदलता येतात. बोटाचा ठसा कोणाच्या हाती गेला तर नवं बोट कुठून आणाल? आज घरी गेलात की आपल्या फोनात कोणाकोणाची बोटं आहेत ते बघा. आईच्या, आजीच्या फोनातही बघा, पण त्यांना विचारून. आणि आकडे घालाल ते स्वतःचे घाला, दुकानदाराचे नको.

माझे सहा आकडे मी तुम्हाला सांगणार नाही. मोतीबाईने ते आवडीलासुद्धा सांगितलेले नाहीत. आणि आवडीने ते कधी विचारलेही नाहीत.