भोंग्याचं सिम

"बाबा, त्या डब्याला हात लावू नका!"

सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडली, तेव्हा भोंगा टीव्हीखालच्या पांढऱ्या डब्यासमोर उकिडवा बसला होता. हातात सिम काढायची टाचणी.

"माझंच सिम आहे गं. ताईचा फोन यायचाय. तासाभरात ऑपरेशनला घेतायत तिला."

"कळतंय हो मला. पण आत बघा ना. आज कंपनी ठरवणारे, कोणाला ठेवायचं नि कोणाला नारळ द्यायचा."

काचेच्या दारापलीकडे मुलगा पडद्यासमोर बसला होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी. न बघताच त्याने बोट वर केलं : थांबा.

भोंगा थांबला. खरं तर थांबणं त्याच्या स्वभावात नाही. बसस्थानकावर घोषणा करण्यात त्याचा जन्म गेला. तुम्हाला खोटं वाटेल, पण एकदा कर्णा बंद पडला म्हणून त्याने नुसत्या गळ्यावर 'गाडी फलाटावर लागत आहे' म्हटलं, तर पुढच्या गावच्या स्थानकावर लोक पिशव्या उचलून उभे राहिले. मीही त्यांच्यात होतो. गाडी आली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याची थोरली बहीण दोन्ही कानांनी ठार बहिरी. फोनवर तिला या जगातलं एकच माणूस ऐकू यायचं, ते म्हणजे हा. तिच्या डॉक्टरांनी याला सांगायचं आणि याने तिला. त्यामुळे तिच्या पोटात काय दुखतं, ते तिच्याआधी इथल्या गल्लीला कळायचं. मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला. सोबतीला शेजारीण तेवढी. आज भोंगाच जायचा होता, पण नातीला शाळेतून आणणार कोण? म्हणून ठरलं, उद्या जायचं. ताई म्हणाली होती, "आत नेण्याआधी फोन करते. तुझा आवाज ऐकला की भीती वाटत नाही मेली."

आता हे सिम डब्यात का, तर मुलाची नोकरी घरबसल्याची. नेट सगळीकडे पोचावं म्हणून त्याने खोलीखोलीत डबे बसवले. एकाने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. संडासातसुद्धा कोणाचं अडता कामा नये. आणि मुख्य लाइन गेलीच तर पाठीशी दुसरी जोडणी हवी, असा कंपनीचा हट्ट. तर त्या जोडणीसाठी बापाचं सिम. त्याचा प्लॅन जुना, कितीही वापरा. तसा आता मागून मिळत नाही.

"तुम्ही घरीच असता," मुलगा म्हणाला होता. "घरच्या नेटवर चालतो की तुमचा फोन. आणि कोणी नंबरावर केलाच, तर तो कॉल माझ्याकडे वळेल असं करून देतो. शनिवारी."

शनिवार पुष्कळ आले, तो मात्र आला नाही. ताईकडे साधा बटणांचा फोन, तो नंबरावरच यायचा. म्हणून रोज संध्याकाळी तिच्या वेळेला सिम डब्यातून फोनात आणि बोलणं झालं की परत डब्यात.

आज सकाळी रस्ता खणणाऱ्यांनी मुख्य लाइन तोडली. पूर्वी नेट गेलं की सगळे खोल्यांतून बाहेर येत, नाइलाजाने का होईना भोंग्याच्या थापा ऐकत बसत. आज डब्याने घर असं उचलून धरलं की कोणी डोकंही बाहेर काढलं नाही. सिम काढलं तर आतल्या मीटिंगचा गळा दाबल्यासारखं.

सूनबाईने आपला फोन पुढे केला. "यावरून लावा ना."

भोंग्याने लावला. घंटी वाजली, तिकडून कट. पुन्हा लावला. पुन्हा कट.

"आत्या उचलत का नाहीत?"

"मीच सांगितलंय," भोंगा म्हणाला. "बँकेतून बोलतो म्हणून एक चोर मागे लागला होता तिच्या. अक्षर लावता येत नाही, आकडे तेवढे ओळखते. म्हटलं, माझा नंबर दिसला तरच उचल, दुसऱ्या कोणाचा उचललास तर माझ्या गळ्याची शपथ."

"मग हॉस्पिटलला लावा."

हॉस्पिटलने 'एक दाबा, दोन दाबा' केलं आणि गाणं लावून दिलं. गाणं संपलं, पुन्हा तेच सुरू झालं.

भोंगा परत डब्याकडे वळला. टाचणी त्या बारीक भोकात घातली. काचेतून मुलगा दिसत होता. साहेबाच्या विनोदाला हसावं तसा हसत होता, आणि कपाळावरचा घाम कानामागून कॉलरीत उतरत होता.

भोंग्याने टाचणी काढून खिशात टाकली.

दुपार कलली तरी आतली मीटिंग चालूच. दाराची घंटी वाजली. ताईची शेजारीण उभी होती, बसच्या धुळीने माखलेली.

"तुमचा फोनच लागेना, म्हणून आले." ती तिथेच स्टुलावर टेकली. "गेल्या हो ताई. टेबलावरच."

सूनबाईने तोंडावर हात धरला.

"आत नेण्याआधी तुमच्याशी बोलणं झालं, तेवढं बरं झालं," शेजारीण म्हणाली.

"माझ्याशी?"

"मग! किती वेळ बोलत होत्या! नर्स खोळंबली, तरी सोडेनात. नंतर नंतर मलाही म्हणाल्या, तू जरा बाहेर जा. परत आले तर फोन माझ्या हातात देऊन हसायला लागल्या. म्हणे, आज पहिल्यांदा मेल्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं."

'हा नंबर संपर्क क्षेत्राबाहेर आहे' असं सांगणारी ती फोनमधली बाई ताईला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"एवढं काय सांगत होत्या हो?" शेजारणीने डोळे पुसत विचारलं.

भोंग्याने खिशातली टाचणी चाचपली. "घरचंच," तो म्हणाला. "होतं काही काही."

एवढ्यात काचेचं दार धाडकन उघडलं. "राहिलो! ठेवलं मला!" मुलगा बाहेर आला तो थेट डब्यापाशी वाकला. "आणि लाइनही आली बघा. बाबा, टाचणी द्या." त्याने नखाएवढं सिम काढून तळहातावर पुढे धरलं. "हे घ्या. आता दिवसभर ठेवा. करा आत्याला फोन, निवांत बोला."

"राहू दे डब्यातच," भोंगा म्हणाला. "तुला लागेल."

मग त्याने चपला पायांत सरकवल्या, शेजारणीची पिशवी उचलली आणि तिच्या मागोमाग जिना उतरू लागला.