गुडघ्याखालची उशी

मी उशी बोलतेय. बाकीच्या उशांच्या वाट्याला डोकी येतात. माझ्या वाट्याला आधी पोरांची बुडं आली आणि म्हातारपणी एक गुडघा.

मला शिवलं मालकिणीने, कापूस ठासून भरून, नवऱ्याच्या दुकानासाठी. मालक न्हावी. लहान पोरं खुर्चीत बुडून जायची, म्हणून त्यांच्याखाली मी. पोरगं वळवळायला लागलं की मालक म्हणायचे, "हलू नको, झालंच." झालेलं काही नसायचं, अर्धं डोकं तसंच असायचं. पण ते इतक्या खात्रीने सांगायचे की पोरं गप बसायची.

पुढे वरखाली होणारी खुर्ची आली आणि मी घरी आले. तोवर उभं राहून राहून मालकांच्या उजव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. शेवटी गुडघा बदलला. दुकानाला कुलूप लागलं. "उभं राहता आलं की उघडतो," असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "काका, गुडघ्याखाली उशी अजिबात घ्यायची नाही. बरं वाटेल, पण पाय वाकडा तो वाकडाच राहील. टाचेखाली गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा." मग तिने तो दाबून दाखवला. मालकांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मालकीण स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

बाई गेल्यावर मालक म्हणाले, "दे गं ती उशी. जरा वेळच."

मालकिणीला राहवलं नाही. तिने मला अलगद गुडघ्याखाली सरकवलं. मालकांनी असा सुस्कारा सोडला की मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो जरा वेळ रोजचा झाला. जिन्यात पावलं वाजली की मला कपाटामागे कोंबायचं आणि दोघांनी एका सुरात सांगायचं, "हो हो, सगळं करतो." बाई गुडघ्याकडे बघायची, मग दोघांकडे बघायची. मी कपाटामागून सांगणार तरी काय, कप्पाळ!

जखम सुकली, पण पाय सरळ होईना. एका सकाळी मालकांनी हट्टाने दुकान उघडलं. दुपारच्या आत शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून परत आले. मालकिणीने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अर्धी दाढी झाली. उरलेली गिऱ्हाइकाने घरी जाऊन केली असेल." एरवी दोघं पोट धरून हसली असती. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मग पुन्हा दवाखाना. भूल देऊन डॉक्टरांनी आखडलेला गुडघा जोर लावून मोकळा केला. घरी सोडताना म्हणाले, "आता परत आखडू दिलात, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

या खेपेचं दुखणं पहिल्याहून वाईट. काल दुपारी मालक भिंतीकडे तोंड करून रडत होते. "दे गं," म्हणाले. "पाया पडतो तुझ्या."

मालकीण मला छातीशी धरून बराच वेळ उभी होती. मग तिने मालकांची पेटी उघडली, कात्री काढली आणि माझी शिवण उसवायला लागली.

"अगं, केसांची कात्री आहे ती. धार जाईल."

"जाऊ दे. दुकानात उभे राहाल तेव्हा लावून आणा."

अर्धा कापूस तिने उपसून काढला, मला घट्ट गुंडाळलं, सुतळीने आवळलं आणि त्यांच्या टाचेखाली ठेवलं. मग त्या बाईने दाखवलं होतं तसा दोन्ही हातांनी गुडघा दाबला. मालक तिला कसाई म्हणाले, वैरीण म्हणाले, आणखी नाही नाही ते बोलले. तिने हात काढले नाहीत.

आता मी टाचेखालीच असते, दगडासारखी. गुडघा अजून वाकून वरच आहे. तो सरळ होईल की नाही, मला ठाऊक नाही. कालपासून मालक तिच्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. तुमच्या घरी असं कोणी कण्हत असेल, तर त्याच्यावर माया जरूर करा, पण माझ्यासारखीला त्या गुडघ्याखाली सरकवू नका. एवढंच माझं मागणं.

आज सकाळी ती पुन्हा दाबायला बसली. मालक वळवळायला लागले.

"हलू नका," ती म्हणाली. "झालंच."

मालकांनी तिच्याकडे बघितलं. झालेलं काही नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी डोळे मिटले आणि ते गप पडून राहिले.