शेवग्याचा रस

लकव्यानं उजवा हात गेला, पाय अधू झाला आणि वळसंगच्या सिद्रामप्पांनी रानाचं नावच टाकलं. चाळीस वर्षं वांगी पिकवलेला माणूस, पण आता दिवसभर ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसायचा. मुलगा गुरुशांत सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला. रान सून धनलक्ष्मीच बघायची.

एका सकाळी तिनं शेवग्याच्या फांद्यांचा भारा त्यांच्यापुढं आणून टाकला.

"मामा, कवळा पाला तेवढा ओरबाडून द्या की."

"भाजीला एवढा?"

"भाजीला न्हाय. वाटून, रस गाळून वांग्यावर फवारायचा. झाडाला बळ येतं म्हणं. बचत गटात शिकवलंय. पण रस ताजाच लागतोय. मी एकटी पाला काढू कवा आन् फवारू कवा?"

"पाल्याच्या पाण्यानं कुटं वांगी येत असत्यात?" सिद्रामप्पा पुटपुटले. एका हातानं आपल्याच्यानं काय होणार, हे मात्र त्यांनी मनातच ठेवलं.

धनलक्ष्मी समोर बसून पाला काढू लागली. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग एका फांदीचं बूड त्यांनी पायाखाली दाबलं आणि डाव्या हातानं पाला ओढला. अर्धा हातात आला, अर्धा सांडला. सांडलेला तिनं गोळा केला.

तांब्याभर रसाला तीस तांबे पाणी घालून तिनं आठांपैकी चारच सऱ्या फवारल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेला पाला ओरबाडता ओरबाडता सिद्रामप्पांनी विचारलं, "फूल धरलं का?"

"तुमीच येऊन बघा की."

"मला चालवतंय व्हय?"

"मी हाय की."

दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. फवारलेल्या सऱ्यांत पानं रुंद, काळीभोर झाली होती. फुलं दाट होती आणि लिंबाएवढी वांगीही लोंबत होती. शेजारच्या सऱ्यांत आत्ता कुठं कळी दिसत होती. सिद्रामप्पांनी एक पान उलटून बघितलं, कितीतरी वेळ बोटांत धरून ठेवलं.

"ह्या बाकीच्या चार सऱ्या सावत्र हायत्या व्हय गं?"

"फरक कळाया नको का, मामा?"

"कळला की. आता समद्यांवर फवार."

"पाला दुप्पट लागंल."

"मग दुप्पट आण. मला दुसरं काम काय हाय?"

खांद्यावरचा फवारणीचा पंप उतरवायच्या निमित्तानं धनलक्ष्मीनं पाठ फिरवली.

त्या दिवशी ते घरी परतायला तयारच होईनात. शेवटी तिनं भाकरी रानातच आणली, त्यांच्यासाठी आमटीत कुस्करली, आणि दोघं बांधावर बसून जेवली.