दुसऱ्या खेपेचा मेकॅनिक

आमची कंपनी इतर कंपन्यांची कामं सॉफ्टवेअरवर चढवून देते. कोणतं काम कोणाकडून कोणाकडे जातं, मंजुरी कोण देतं, घोडं कुठे अडतं, हे विचारत फिरणं ही माझी नोकरी. लोक वैतागतात, मला त्याची सवय आहे. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचं काम आलं तेव्हा मीच कचरले. तिथल्या तक्रारींच्या टेबलावर तीस वर्षं माझ्या सासूबाई बसत होत्या.

तक्रारीचा फोन आला की कुठला मेकॅनिक पाठवायचा ते त्या ठरवायच्या. आता ते सॉफ्टवेअर ठरवणार होतं. महिनाभर निम्म्या तक्रारी त्यांच्याकडे, निम्म्या सॉफ्टवेअरकडे, आणि सॉफ्टवेअर सरस ठरलं तर टेबल बंद.

ऑफिसात आम्ही एकमेकींना 'मॅडम' म्हणायचो.

"फोन ठेवल्यावर तुम्ही नेमकं काय करता, मॅडम?"

"जवळचा कोण मोकळा आहे ते बघते, मॅडम."

"आणि?"

"आणि चहा पिते."

चहा सोडून सगळं मी लिहून घेतलं.

सॉफ्टवेअर देखणं होतं, उगाच का खोटं बोला. फोनवर माणूस बोलत असतानाच ते तक्रार लिहून घ्यायचं, मेकॅनिकच्या मोबाईलवर पत्ता धाडायचं, स्टोअरला पार्ट काढायला सांगायचं. सासूबाईंना पंधरा मिनिटं लागायची तिथे त्याला एक. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि घरी जेवताना त्या अभिमानाची लाज.

महिना संपला आणि एक आकडा डोळ्यांत खुपला. सॉफ्टवेअरच्या वाट्याच्या लिफ्ट पुन्हा पुन्हा बिघडत होत्या. सासूबाईंच्या वाट्याच्या लिफ्ट दुसऱ्या दुरुस्तीनंतर सुरळीत चालायच्या. मी त्यांच्या नोंदी एकेक करून उघडल्या. तीच लिफ्ट परत बिघडली की पहिल्या मेकॅनिकला त्या कधीच पाठवत नव्हत्या, मग तो शेजारच्या इमारतीत रिकामा बसलेला का असेना.

मी हे कोणाला सांगितलं नाही. टेबल चालू ठेवावं, एवढंच अहवालात लिहिलं.

"का चालू ठेवायचं?" मीटिंगमध्ये लिफ्ट कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं.

"मी सांगते," सासूबाई म्हणाल्या. "आपली चूक आपल्याला दिसत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला दुसरा मेकॅनिक. आणि आधी कोण गेला होता हे त्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर पहिल्याची चारचौघांत शोभा होते. म्हणून मी हे कधी कागदावर घेतलं नाही." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरला हे शिकवता येईल?"

येत होतं. तासाभराचं काम होतं.

"येईल," मी म्हणाले.

"मग टेबल कशाला?" त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. "आई, तुमचं टेबल राहावं म्हणून मी ते मुद्दामच लिहिलं नव्हतं."

"कळलं मला ते. अगं, पण बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला टेबलावर कोण बसलंय याच्याशी काय घेणंदेणं?"

इतकी वर्षं एका घरात राहून मला हा माणूस कळला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तो नियम घातला, पहिल्याचं नाव झाकून. दुपारी एक जुनीच लिफ्ट पुन्हा अडकली. आत एक आजोबा होते. सॉफ्टवेअरने आधी जाऊन आलेला जवळचा मेकॅनिक सोडून त्याच्या पुढचा निवडला. सासूबाईंनी नाव वाचलं.

"मीही यालाच पाठवलं असतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांचा हात सवयीने पुढे गेला, पण सॉफ्टवेअरने फोन आधीच घेतला होता. त्यांनी हात मांडीवर ठेवला, आणि पत्ता नीट लिहिला जातोय ना, ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत बसल्या.