सासऱ्यांनी घासलेला आकडा

किल्लीवाल्या काकू दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाचं अडकलेलं कुलूप उघडून परत निघाल्या होत्या. पिशवीची चेन अर्धी उघडी राहिली होती. लिफ्टमध्ये पाऊल टाकताना त्यांचा कुलपं उघडायचा तारेचा आकडा घसरला, लोखंडी पट्टीवर एकदा टणकन वाजला आणि फटीतून थेट खाली खड्ड्यात गेला.

वॉचमनने हात वर केले. "लिफ्टवाला मेकॅनिक गुरुवारी येतो. तोवर खड्डा उघडत नाही. आणि एवढ्याशा तारेसाठी कशाला जीव टाकताय?"

"तार असेल तुमच्या घरी," काकू म्हणाल्या आणि जिन्याने उतरल्या.

मोडक्या छत्रीच्या काडीपासून तो आकडा सासऱ्यांनी घासून केला होता. मुलगा गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी सुनेला दुकानात आणून बसवलं, हातात एक कुलूप ठेवलं आणि म्हणाले, "डोळे मीट पोरी. हे बोटांनी ऐकायचं असतं." त्याला सतरा वर्षं झाली. आता सासरेही नव्हते.

रस्ता ओलांडेपर्यंत फोन वाजला. फोनवर बसमधली कंडक्टरबाई होती, काकूंच्या ओळखीची.

"काकू, लवकर या! आई आत आहे आणि दार उघडत नाहीये. तिला साखरेचा त्रास आहे, सकाळी इंजेक्शन घेतलंय, पण खाल्लंय की नाही देव जाणे."

काकू पोचल्या तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात चारपाच माणसं जमली होती. कंडक्टरबाई युनिफॉर्मवरच आलेली, दाराला कान लावून उभी. दार लोखंडी. गेल्या वर्षी शेजारी चोरी झाली म्हणून तिनेच हट्टाने बसवून घेतलेलं. महिन्यापूर्वी आईने कुलूप बदललं होतं आणि दोन्ही किल्ल्या आतच होत्या. अग्निशमनवाले गोदामाच्या आगीवर गेलेले. अर्धा तास तरी लागेल म्हणाले होते.

"बोलतायत का?"

"मघाशी काहीतरी पुटपुटत होती. मला ताई म्हणाली. मी मुलगी आहे तिची!"

काकू गुडघ्यांवर बसल्या. पिशवीच्या तळाशी बाजारातून कधीतरी आणलेला आकडा होता, जाड प्लास्टिकच्या मुठीचा, न वापरलेला. डाव्या हाताने वाकडी सळई लावून त्यांनी कुलपावर ताण दिला, उजव्या हाताने आकडा आत सारला. कुलपातली पहिली पिन उचलली. दुसरी. तिसरी. चौथीला हात घसरला आणि सगळ्या पिना खाली आल्या.

पुन्हा केलं. पुन्हा चौथीलाच.

आत काहीतरी पत्र्याचं पडलं, गरगरलं आणि थांबलं.

"आई? आई गं!" कंडक्टरबाईने दारावर थाप मारली. उत्तर आलं नाही.

समोरचे आजोबा घरातून हातोडा घेऊन आले. "व्हा बाजूला. मी फोडतो."

"फोडा की," काकू मागे न बघता म्हणाल्या. "पण कुलूप वाकलं तर मग दार कापावं लागेल. कटर आहे तुमच्याकडे?"

आजोबा हातोडा धरून तसेच उभे राहिले.

काकूंच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. तो आकडा असता तर एव्हाना दार उघडलं असतं, हे डोक्यातून जाईना. तिसऱ्यांदा पिना पडल्या तेव्हा त्यांनी आकडा बाहेर काढला.

"काय झालं? थांबलात का?"

"एक मिनिट. बघू दे."

त्यांनी आकडा अंगठ्याच्या नखावर ठेवून पाहिला. याचं टोक जुन्यापेक्षा अर्ध्या नखाने आखूड होतं. हात मात्र जुन्याच मापाने चालला होता. जिथे पिन आहे असं वाटत होतं तिथे टोक पोचतच नव्हतं. आकडा आणखी आत जावा म्हणून त्यांनी पकडीने प्लास्टिकची मूठ फोडून टाकली, त्याची उघडी पट्टी पार पुढे, कुलपाजवळ धरली आणि डोळे मिटले. पट्टीची धार बोटात रुतत होती. या वेळी त्या मागच्या पिनेपासून सुरू झाल्या, हळूहळू, परक्या घरात अंधारात चालावं तशा.

चौथी बसली. मग बाकीच्या.

कुलूप वळलं.

आई ओट्याखाली बसली होती, घामाने निथळत, डोळे अर्धवट उघडे. शेजारी साखरेच्या डब्याचं झाकण पडलं होतं. तिला नाव तरी सांगता येत होतं, गिळता येत होतं. मुलीने साखरपाणी केलं आणि घोट घोट पाजलं. डॉक्टर आले तोवर आई भानावर येऊन दाराकडे बघत होती.

"दार सताड उघडं का टाकलंय? मांजर शिरेल ना."

कंडक्टरबाई हसायला गेली आणि रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं, तेव्हा तिच्या युनिफॉर्मवर रक्ताचा ठसा उमटला. कुणाचं म्हणून सगळे बघायला लागले. काकूंचं बोट कापलं होतं.

गुरुवारी काकू त्या इमारतीत गेल्या. मेकॅनिक खड्ड्यातून एक कंगवा, दोन नाणी आणि तेलकट गाळ घेऊन वर आला. आकडा नव्हता. काकूंनी त्याला पुन्हा बघायला लावलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून थोडा वेळ पदराने डोळे पुसले. सासरे गेले त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं, तेव्हा रडायला सवड झाली नव्हती.

दुकानात येऊन त्यांनी नव्या आकड्याच्या उघड्या पट्टीला सुती चिंधी गुंडाळली. पुढचे कित्येक दिवस कामाला लागलं की हात आधी जुन्याच मापावर थांबायचा, मग आणखी आत सरकायचा. बोटावर फोड आला, फुटला, आणि त्या जागी घट्टा पडला. जुना घट्टा त्याच्या शेजारीच होता, हळूहळू मऊ होत चाललेला.