दोन मिनिटं अकरा सेकंद

बोलणाऱ्या माणसांना नीटनेटकं करणं हा माझा धंदा आहे. रेडिओवर तुम्ही जे ऐकता ते तसंच्या तसं कोणीच बोललेलं नसतं. खोकला, ‘अं अं’, ‘म्हणजे काय आहे ना’, घोटभर पाणी, मध्येच हरवलेलं वाक्य, हे सगळं मी कापते आणि उरलेली टोकं जोडते. बावीस वर्षं हेच करतेय. मोठमोठे विद्वान माझ्या हाताखालून गेलेत आणि खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्यांची विद्वत्ता माझी आहे.

आमच्या कार्यक्रमप्रमुखांना आम्ही पाठीमागे ‘दोन मिनिटं’ म्हणतो. काहीही ऐकवा, मान डोलावतात आणि म्हणतात, “छान झालंय. फक्त दोन मिनिटं कमी करा.”

त्यांनीच तो विषय काढला. विश्वाची सुरुवात विज्ञान आणि धर्म दोन्ही सांगू शकतात का? अठ्ठावीस मिनिटांचा संवाद, दोन पाहुणे. पाहुणे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझे बाबा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि त्यांचे थोरले भाऊ, माझे काका, प्रार्थनाघरात प्रवचनं करणारे. हा विषय आमच्या घरात चाळीस वर्षं दर रविवारी निघत होता. चहा गार व्हायचा, काकू दुसरा ठेवायची, तोही गार व्हायचा.

काकांची फुप्फुसं तेव्हा थकली होती. आमच्या स्टुडिओचे तीन मजल्यांचे जिने चढणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन पलंगावर उशीला टेकवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. मग बाबांना स्टुडिओत बसवलं आणि हेडफोनवर काकांचा एकेक तुकडा ऐकवत त्यांची उत्तरं घेतली. पुढे दोन्ही एकत्र करून एकाच टेबलावर बसल्यासारखं वाटेल असं करायचं होतं. मला ते डाव्या हाताचं काम.

सुरुवात तर झकास झाली. बाबा म्हणाले, “आम्ही मागे मागे जात अगदी पहिल्या क्षणाच्या दारापर्यंत पोचलोय. पण दाराला आतून कडी आहे.” हे बाबांचं ठेवणीतलं वाक्य काकांना पाठ होतं, त्यामुळे त्यांचं उत्तर आधीच रेकॉर्ड झालेलं होतं. “अरे बारक्या, आतून कडी आहे म्हणजे आत कोणीतरी आहे!” बाबा हेडफोन सांभाळत ओरडले, “किंवा दार अडकलंय, दादा!” काचेपलीकडे मी एकटीच हसत होते.

मग काकांचा शेवटचा तुकडा आला. तो मी स्वतः रेकॉर्ड केला होता तरी पुन्हा ऐकताना माझा हात बटणावर थांबला.

“आमची मुलगी तीन दिवस जगली,” काका म्हणत होते. “तिच्या आधी मी देवाधर्माचा फारसा नव्हतो. तिच्यानंतर मला सुरुवात शोधावीशी वाटली. आकाशातल्या ताऱ्यांची नाही, तिची. ती येण्याआधी कोणाच्या तरी मनात होती, कोणीतरी तिची वाट बघत होतं, एवढंच मला कोणीतरी सांगायला हवं होतं. बारक्या, तुझं विज्ञान खरं आहे. मी कधीच नाही म्हटलं नाही. पण त्यात माझी मुलगी कुठे आहे?”

बाबा गप्प झाले. घड्याळात बघितलं तर त्रेचाळीस सेकंद. वर्गात एक मिनिट शांतता असली तर ज्यांना करमत नसे ते बाबा. मग ते बोलायला लागले. प्रत्येक दोन शब्दांनंतर अडखळत होते.

“दादा, तिथे माझं गणित पोचत नाही. मला नाही माहीत. तू म्हणतोस तसं कोणीतरी तिची वाट बघत असलं तर... तर मला फार बरं वाटेल. आणि तुला एक कधी सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत मीही प्रार्थना केली होती. दवाखान्याच्या मागच्या जिन्यात बसून. मला येत नव्हती, तरी केली.”

पुढे ते रडले. नाक पुसलं, पाणी प्यायले, घसा साफ केला आणि एकदम शिक्षकी आवाजात म्हणाले, “बरं. आता आपण पुराव्याचं बोलू.”

संध्याकाळपर्यंत कार्यक्रम तयार झाला. तीस मिनिटं अकरा सेकंद भरला. ‘दोन मिनिटं’ आले, मान डोलावली आणि नेहमीचं बोलले. या वेळी त्यांचं बरोबर होतं, पुढे बातम्या होत्या. बाबांचं ते अडखळणं, रडणं आणि पाणी धरून नेमकं दोन मिनिटं अकरा सेकंदांचं होतं. ते मी काढलं.

वेळेचं कारण सांगून सुटता येईल, पण ते अर्धंच खरं आहे. मला बाबांचं रडणं सहन झालं नव्हतं. त्यांचे जुने विद्यार्थी ऐकतील, हसतील असं वाटलं. आणि तो तुकडा काकांना मी स्वतः नेऊन ऐकवणारच होते, रविवारी. जोड दोनदा तपासला. दोन्हीकडच्या खोल्यांचे आवाज जुळतात का, श्वास तुटत नाही ना, सगळं बघितलं. काय जोडलं गेलंय ते बघितलं नाही. बावीस वर्षांच्या अनुभवाला आग लागो.

गुरुवारी सकाळी कार्यक्रम लागला. बाबांनी ऐकला नाही. स्वतःचा आवाज ऐकला की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मात्र दुपारपासून ते फोनच्या आसपास घोटाळत होते.

“दादाचा फोन आला होता का गं?”

“नाही.”

“बसला असेल विचार करत,” बाबा म्हणाले. “चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी हरलोय. त्याला पचायला वेळ लागेल.”

त्या रविवारी ते काकांकडे गेले नाहीत. लाजले होते. एवढं बोलून बसल्यावर थोरल्या भावासमोर तोंड कसं दाखवायचं, असा एकूण प्रकार. मला तापाने पाडलं होतं, म्हणून मीही गेले नाही. बुधवारी काकांना दवाखान्यात हलवलं तेव्हा ते शुद्धीत नव्हते. बाबा तीन दिवस त्यांचा हात धरून बसले. शनिवारी पहाटे काका गेले.

घरी प्रार्थनाघरातली वीसेक माणसं जमली. ज्यांच्या घरातल्या प्रत्येक जन्माला आणि मरणाला काकांनी प्रार्थना म्हटली होती, ती सगळी. कोण सुरू करणार याची त्यांची हळू आवाजात बोलणी चालली होती. तेवढ्यात काकू आतून एक कागद घेऊन आली आणि तिने तो बाबांच्या हातात दिला. काकांचं वळणदार अक्षर. ‘माझ्यामागे कोणी प्रार्थना म्हणू नये.’

“कधी लिहिलं हे?” बाबांनी विचारलं.

“त्या गुरुवारी,” काकू म्हणाली. “तुमचा कार्यक्रम ऐकता ऐकता मध्येच मला म्हणाले, बंद कर. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेला उठलेच नाहीत. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाले, बारक्या चाळीस वर्षं सांगत होता, मला आत्ता ऐकू आलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर एकदासुद्धा हात जोडले नाहीत हो.”

बाबा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. “असं कसं? मी तर त्याला...”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्या माणसांनी प्रार्थना म्हटली असती आणि काकांना त्यांच्या शब्दांसोबत निरोप मिळाला असता. पण समोर काकू होती, वीस माणसं होती आणि मी मूग गिळून बसले. माझ्या भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

बाबांनी कागदाची घडी घातली. “त्याचं शेवटचं म्हणणं आहे,” ते म्हणाले. “मोडायचं नाही.” आयुष्यभर दुसऱ्यांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या माझ्या काकांना आम्ही एका शब्दाशिवाय नेलं. माणसं मिटलेली पुस्तकं छातीशी धरून मागून चालत होती.

चार दिवस मी बाबांसमोर जायचं टाळलं. पाचव्या दिवशी मी बाबांना स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “त्याला नेमकं काय ऐकू आलं?”

मी सांगू शकले नाही. ते म्हणाले, “मग ऐकव.”

मी त्यांना स्टुडिओत नेलं. जिने चढताना ते दोनदा थांबले. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले आणि कार्यक्रम जसा लागला होता तसा लावला. कडीचं वाक्य आलं तेव्हा ते किंचित हसले. मग काकांचा शेवटचा तुकडा आला. बाबांनी डोळे मिटले. ‘पण त्यात माझी मुलगी कुठे आहे?’ आणि पुढच्याच श्वासाला बाबांचा स्वतःचा आवाज, स्वच्छ, कोरडा. ‘बरं. आता आपण पुराव्याचं बोलू.’

“पुन्हा लाव,” ते म्हणाले.

मी लावलं. त्यांनी तेवढंच पाच वेळा ऐकलं, पुढे वाकून, कानांवर दोन्ही हात दाबून. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी माझं गणित बरोबर आलं की फिरवायचे तसा.

“फार सफाईचं काम आहे गं पोरी,” ते म्हणाले. “मी होतो तिथे, तरी मला कापलेलं कळत नाही. त्याला कुठून कळणार.”