जयश्रीची हनुवटी

लिंबायतच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी जयश्री उठायची. वडील चिंधा कापडाच्या लूमवरून रात्रपाळी संपवून यायच्या आत, आई शोभाबाई आणि धाकटी रुपाली जाग्या व्हायच्या आत ती मोरीचं दार लावून घेई आणि वडिलांच्याच रेझरने हनुवटीवरचे केस काढी. अंगाचा साबण, गार पाणी आणि घाईचा हात. विशी ओलांडली तेव्हापासून तिला हनुवटीवर काळे, राठ केस येत होते. आधी ती दोऱ्याने काढून घ्यायची. पण एकदा पार्लरवाली चार बायकांसमोर म्हणाली, "ताई, याला आता दोरा नाही पुरायचा." त्या दिवसापासून जयश्री पार्लरची पायरी चढली नाही.

रिंगरोडच्या कापड मार्केटात बन्सीलाल सेठचं साड्यांचं दुकान होतं. तिथे ती साडी नेसून मोबाईलसमोर उभी राहायची. गावोगावच्या बायका घरबसल्या तो लाइव्ह बघत आणि तिथल्या तिथे ऑर्डर देत. जयश्रीच्या निऱ्या भराभर पडत, पदर हातावर घेऊन ती बोलायची ते ऐकत राहावं असं. मराठी, हिंदी, गुजराती, जिला जी हवी ती भाषा. सेठ खूश होता.

एक दिवस लाइव्ह चालू असताना कुणीतरी खाली लिहिलं, 'साडी भी अच्छी, दाढी भी अच्छी.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. जयश्रीने ते वाचलं, आणि पुढची साडी उचलून तिचा काठ दाखवायला घेतला. दुकान बंद करताना सेठ म्हणाला, "चेहऱ्याचं काहीतरी कर, जयश्री. लोकांनी साडी बघायची की तुझ्याकडे बघत बसायचं?"

मग ती दिवसातून दोनदा दाढी करू लागली. दुसऱ्यांदा दुकानाच्या बाथरूममध्ये, कोरडीच, उलट्या दिशेने दाबून. आठवड्याभरात हनुवटी लाल पुळ्यांनी भरली. केस कातडीच्या आतच वळून रुतायचे, तिथे पू धरायचा आणि पुळी बसली की काळा डाग राहायचा. वरून मेकअपचा थर. संध्याकाळपर्यंत अशी आग व्हायची की रिक्षात ती ओढणीचं ओलं टोक हनुवटीला लावून बसे.

शेजारणीने सांगितलं म्हणून शोभाबाईने मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत पुळ्या गेल्या, तोंड उजळलं. शोभाबाई शेजारणीकडे गूळ-शेंगदाणे घेऊन गेली. जयश्रीने मग ती ट्यूब सोडलीच नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस ट्यूब संपलेली होती आणि लावायची राहिली, तर दुसऱ्या दिवशी तोंड भाजल्यासारखं झालं. गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या आणि गालांवरही लव वाढली होती.

उधन्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"हे कुणी दिलं?"

"मेडिकलवाल्याने."

"यात स्टिरॉइड आहे. कातडी पातळ झालीय तुमची. आता हे बंद करायचं, आणि बंद केल्यावर आधी त्रास आणखी वाढेल, तेव्हा घाबरून परत लावायचं नाही."

"आणि केस? दाढी केली म्हणूनच वाढले ना?"

"दाढीने केस वाढत नाहीत. ते हार्मोनचं आहे, रक्त तपासू, गोळ्या देईन. पण गुण यायला महिने लागतील. तोवर रेझर नाही, मेकअप नाही. फार वाटलं तर कात्रीने वरच्यावर कापा."

"मला रोज कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब टेबलावर ठेवली. "तुमची अडचण कळते," त्या म्हणाल्या, "पण कातडी थांबणार नाही."

सेठने ऐकून घेतलं. "तोवर तुझी बहीण उभी राहू दे. शिकव तिला," तो म्हणाला. जयश्रीने शिकवलं. पदर कुठे धरायचा, रंगाचं नाव कसं घ्यायचं, कुणी वाकडं लिहिलं तर न वाचल्यासारखं कसं करायचं. रुपाली चटकन शिकली. जयश्री कॅमेऱ्याच्या बाहेर बसून तिला एकेक साडी उलगडून देऊ लागली. फोनमध्ये दिसायचे ते फक्त तिचे हात.

उन्हाळ्यापर्यंत आग थांबली, पुळ्या गेल्या. डाग थोडे राहिले. केस मात्र होतेच, कात्रीने कापलेले, पण दिसणारे. परत कॅमेऱ्यासमोर उभी राहू का, असं तिने सेठला विचारलं. "आता गिऱ्हाईक रुपालीला ओळखतं," सेठ म्हणाला. "तू आहेस तिथे बरी आहेस." रुपाली तिथेच होती. ती साडीला पिना लावत राहिली.

त्याच महिन्यात रुपालीला स्थळ आलं. मुलगा योगराज पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये सुपरवायझर. त्याच्या आईने, मंगलाबाईने, लाइव्हवरच रुपालीला पाहिलं होतं. रविवारी ते यायचे ठरले. सकाळी शोभाबाई रेझर घेऊन जयश्रीपुढे उभी राहिली.

"तुनी बहीनना जलमना सवाल शे, पोरी. एक दिन काढी टाक ना."

"डॉक्टरनी नही सांगेल शे, माय."

"मग मझारच बस. बाहेर येऊ नको."

जयश्री आतल्या खोलीत बसून पोहे करत राहिली. पाहुणे आले, बोलणी नीट चालली. मंगलाबाई हात धुवायला आत आली. तिने जयश्रीकडे पाहिलं, हनुवटीवर तिची नजर थांबली. "मोठी का तू?" एवढंच विचारून ती बाहेर गेली. जयश्रीने मान हलवली होती.

बाहेर मंगलाबाईचा आवाज थोडा खाली आला, तरी मधल्या पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. "शोभाताई, राग मानू नका. पुढे लेकरंबाळं व्हायची. हे असं तुमच्या घराण्यात आहे का?"



"नाही नाही," शोभाबाई म्हणाली. "ती आमची नाही. माझ्या नणंदेची पोर. नणंद गेली, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. ते तिच्या बापाकडून आलेलं."

नणंद चाळीसगावला धडधाकट होती. जयश्रीच्या हातातला झारा थांबला. आता वडील, आबा, काहीतरी बोलतील, म्हणून ती वाट पाहत राहिली. आबांच्या खोकण्याचा आवाज आला. मग मंगलाबाई म्हणाली, "असं होय. मोठं मन तुमचं." आणि रुपालीच्या बांगड्या वाजल्या, बहुतेक ती पाया पडायला वाकली होती.

जयश्रीने चहा गाळला. ओढणी तोंडावर न घेता ती ट्रे घेऊन बाहेर आली. आधी पाहुण्यांना कप दिले. मग वडिलांसमोर वाकली.

"मामा, चहा."

चिंधाने कप घेतला, वर पाहिलं नाही.

"मामी, तुम्ही घ्या."

शोभाबाईचा चेहरा उतरला. पण मंगलाबाई कौतुकाने म्हणाली, "वळण चांगलं आहे हो पोरीला." त्याच बैठकीत सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर शोभाबाई भिंतीला टेकून रडली. "काय करू मी? एकीचं तरी होऊ दे म्हणून तोंडातून निघून गेलं." रुपाली तिच्याजवळ बसली आणि बहिणीला म्हणाली, "तू पण काढले असतेस एक दिवस, तर काय झालं असतं?"

जयश्री कप विसळत होती. "काही नाही," ती म्हणाली. "पुळ्या आल्या असत्या."

लग्न होईपर्यंत मंगलाबाई वरचेवर येत राहिली, आणि शोभाबाईनेच दबक्या आवाजात सांगितलं की ती लोकं असतील तेव्हा मामीच म्हण. जयश्रीने ते ऐकलं. फक्त ती लोकं नसतानाही ती तसंच म्हणू लागली. हळदीच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. शोभाबाईने बाहेरून सवयीने हाक मारली, "जयू, हळदीची वाटी आण वं बेटा."

"आणते, मामी," जयश्री म्हणाली आणि वाटी घेऊन बाहेर गेली.